चिपट्याचा खुराक

खोली दाखवताना अप्पांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. मी रोज कांदा किती खातो, एवढंच विचारलं. भाकरीबरोबर एखादा, असं मी म्हणालो. त्यांनी थोडा विचार केला आणि अट घातली. खायचा तेवढा कांदा खावा, पण तो कुत्र्याला बाधतो, म्हणून सालटं अंगणात टाकायची नाहीत आणि उरलंसुरलं कुत्र्यापुढं सरकवायचं नाही. कुत्र्याला काय घालायचं ते या घरात एकच माणूस ठरवतो. मी पोस्टमास्तर, संतपूरला नुकताच बदलून आलेलो. गाव माझं तिकडं आळंद तालुक्यात, निंबर्गा. रोज ये-जा करण्याचा प्रश्नच नव्हता. मी अट मान्य केली आणि त्याच संध्याकाळी ट्रंक आणून टाकली.

अप्पांची हयात गंजात गेली होती. गंज म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. तिथं ते मापाडी होते. पोती मोजणं हे त्यांचं काम, पण नाव झालं ते दातामुळं. शेतकऱ्यानं आणलेली तूर सुकलीय की ओली आहे, करडई तेलाला भरेल की नाही, सोयाबीन ठेवलं तर टिकेल का, हे ते एक दाणा दाताखाली धरून सांगत. दाणा चावायचा, डोळे मिटायचे, दोन क्षण थांबायचं आणि मग एकच शब्द बोलायचा. त्या शब्दावर व्यापारी आणि शेतकरी दोघंही मुकाट उठत. आता आडतीवर ओल मोजायची यंत्रं आली होती. तरी म्हातारी माणसं माल गंजात न्यायच्या आधी रुमालात चार दाणे बांधून अप्पांच्या ओसरीवर येत. अप्पा त्यांना चहा पाजत, दाणा चावत आणि सांगत. त्याबद्दल ते काहीही घेत नसत. माणसं येतात, समोर बसून आपल्या तोंडाकडं बघतात, एवढंच त्यांना हवं असायचं. त्या दिवशी त्यांचा आवाज जरा वाढलेला असे.

कुत्र्याचं नाव चिपट्या. पिल्लू असताना तो धान्य मोजायच्या चिपट्यात मावला होता म्हणून. मी पाहिला तेव्हा तो चांगला वासराएवढा दिसत होता, पण नाव तेच राहिलं होतं. अप्पा बायकोशी मराठीत बोलत, गंजातल्या लोकांशी दखनी उर्दूत आणि चिपट्याशी कन्नडात. 'बा' म्हटलं की तो येई, 'तिन्नु' म्हटलं की खाई, 'साकु' म्हटलं की वाटीत उरलेलं असलं तरी तोंड बाजूला करी. कुत्र्याशी कन्नड कशाला, असं मी एकदा विचारलं. घरात दुसरं कोण आहे माझं कन्नड ऐकून घेणारं, असं त्यांनी उत्तर दिलं. यावर अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून काहीतरी पुटपुटल्या. तेही कन्नडच असावं.

ओसरीवर एका फळीवर सात डबे होते. जवस, तीळ, कारळं, करडई, भोपळ्याच्या बिया, सूर्यफूल आणि शेंगदाणे. घरातल्या सात डब्यांवर घरातल्या बाईचा अधिकार नाही, असं उभ्या संतपुरात हे एकच घर असेल. सकाळी अंघोळ झाली की अप्पा फळीसमोर बसत. जवस कोरड्या तव्यावर भाजून खलबत्त्यात कुटत, त्यानं केस चकाकतात म्हणून. भोपळ्याची बी सोलून देत. शेंगदाणे भाजलेले, पण मीठ नाही. प्रत्येक डब्यातला एकेक दाणा आधी स्वतः चावून पाहत. मग लहान चमच्यानं हा चिमूटभर, तो अर्धा चमचा असं करून ते सगळं भाकरीत आणि ताकात कालवत. आयुष्यभर क्विंटलात काम केलेला माणूस चिमटीनं माप घेताना पाहून मला गंमत वाटे. जास्त घातलं तर कुत्रं चरबीनं मरतं, असं ते सांगत, आणि माझ्या पोटाकडं बघत.

दर अमावास्येला चिपट्याचं वजन व्हायचं. ओसरीच्या आढ्याला एक लोखंडी आकडा होता. त्याला ताणकाटा लावायचा, पोत्यात चिपट्याला बसवायचं, पोतं वर टांगायचं. कुत्रं मुंडकं बाहेर काढून शांतपणे लटकत राही. रस्त्यानं जाणारी माणसं थांबत. काट्यावरचा आकडा मी वाचायचा आणि अप्पांनी मोठ्यानं पुन्हा उच्चारायचा, असा क्रम ठरलेला होता. घरातल्या मांजराचं वजन मात्र कधी झालं नाही. त्याला अप्पांनी तिळापासून काजूच्या तुकड्यापर्यंत सगळं देऊन पाहिलं होतं. त्यानं वास घेऊन शेपटी वर केली आणि शेजारच्यांच्या दुधाकडं निघून गेलं. अप्पा त्याला जनावर समजत नसत, भाडेकरू समजत.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी लव्हबर्डची जोडी पाळली आणि कुणीतरी सांगितलं म्हणून वाटी भरभरून सूर्यफुलाच्या बिया घालायला सुरुवात केली. अप्पा पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी बाईंना विचारलं की ही पाखरं आहेत की पैलवान. दुसऱ्या दिवसापासून त्या पाखरांना राळं, म्हणजे बारीक भरडधान्य, सुरू झालं आणि सूर्यफुलाचे मोजून चार दाणे. बाईंनी ऐकलं, कारण गल्लीत सगळेच ऐकत.

माझं जेवण अक्कांकडंच असे. एकदा त्यांच्याकडून डबा चुकला. त्यांनी घरच्यासाठी केलेली जवसाची चटणी, लसूण-मीठ घातलेली, कुत्र्याच्या डब्यात गेली, आणि कुत्र्याची अळणी पूड माझ्या ताटात. अप्पांनी चटणी वासावरूनच ओळखली आणि लसणानं कुत्र्याचं रक्त बिघडतं म्हणून दोन दिवस अक्कांशी अबोला धरला. माझ्या ताटातल्या पुडीची चौकशी कुणी केली नाही. अक्कांना रक्तदाबाचा त्रास असेल, त्यामुळं मीठ सोडलं असेल, असं समजून मी ती आठवडाभर मुकाट्यानं खाल्ली. शेवटी उलगडा झाला तेव्हा अप्पांनी मला उजेडात उभं करून केसांकडं पाहिलं आणि फरक पडलाय म्हणाले.

त्यांचा मुलगा पुण्याला होता. सुनेनं तिथून एकदा बारीक काळ्या दाण्यांचं पाकीट पाठवलं, चिया म्हणून. फोनवर एक लांबलचक यादीही पाठवली. पाळीव जनावरांना कोणत्या बिया द्याव्यात, कोणते दाणे देऊ नयेत, किती द्यावेत. अप्पांनी ती माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखी मान हलवत ऐकली. अक्रोड देऊ नये, बरोबर. खारवलेलं देऊ नये, बरोबर. सगळं संपल्यावर म्हणाले,

"समदं बराबर लिव्हलंय. पर चावून कोन बगायचं, त्ये कुटं हाय ह्याच्यात?"

मी म्हणालो, ते कसं लिहिणार. त्यावर ते म्हणाले की बी चांगलं की वाईट हे नावावर नसतं, दाण्यावर असतं. चियाचा एक दाणा त्यांनी चावला, हा सब्जाचा चुलतभाऊ दिसतो असा निकाल दिला आणि पाकीट सरबतासाठी अक्कांकडं दिलं.

मी राहायला आल्यावर वर्षभरातच अप्पांचे दात गेले. आधीच हलत होते ते, उदगीरला जाऊन सगळे काढले आणि पुरी कवळी बसवून आले. आठ दिवस ते कुणाला भेटले नाहीत. नवव्या दिवशी एकजण रुमालात तूर घेऊन आला. अप्पांनी दाणा चावला, थांबले, 'वाळलीय' म्हणाले आणि ती वाळलेलीच निघाली. गाव निश्चिंत झालं. मी रोज समोर बसणारा होतो, त्यामुळं मला एक फरक दिसला. पूर्वी दाणा चावल्यावर अप्पा डोळे मिटत. आता डोळे उघडे असत आणि ते समोरच्याच्या तोंडाकडं बघत. माणूस खुशीत दिसला तर माल चांगला, चुळबुळ करत असला तर ओला. असं त्यांनी वर्ष-दीड वर्ष निभावलं. मी काही बोललो नाही. दाताचं खरं बाहेर आलं असतं तर ओसरीवर येणारी माणसं थांबली असती, आणि त्या माणसांशिवाय अप्पांना सकाळ काढता आली नसती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मग येळवस आली. पुस्तकात वेळ अमावास्या म्हणतात, आमच्याकडं येळवस. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. अप्पांच्या एका जुन्या शेतकरी दोस्तानं आम्हाला शेतात बोलावलं होतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, केलेली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, पूजा झालेली. ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, आंबील, तीळ लावलेल्या भाकरी. पंधरा-वीस माणसं जेवून हरभऱ्याच्या कडेला पसरली होती. चिपट्याही आला होता. त्याची अमावास्या चुकू नये म्हणून अप्पांनी ताणकाटा बरोबर आणून त्याचं वजन बाभळीच्या फांदीला केलं होतं.

दोस्तानं कोपीतून भुईमुगाच्या शेंगांची एक लहान पोतडी काढली. चिपट्यासाठी खास राखून ठेवल्यात म्हणाला. पावसाळाभर घरातच होत्या, एकीलाही कुणाला हात लावू दिला नाही. सगळी माणसं उठून बसली. अप्पांनी शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला, चावला आणि सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तोंडं हसरी होती. जेवण झालेलं, थंडीतलं ऊन पडलेलं, कुणाच्या तोंडावर काय दिसणार?

"एक नंबर," अप्पा म्हणाले.

मीही एक शेंग उचलली होती. फोडली तर ओल्या भिंतीचा वास आला. दाणा तोंडात घातला, तो कडू लागला. मी हळूच मान वळवून हरभऱ्यात थुंकलो. बोललो नाही. एक तर येळवशीच्या दिवशी शिवारातल्या कशालाही नावं ठेवायची नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. दुसरं, अप्पांनी शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर मला नसत्या भानगडीत पडायची हौस नव्हती.

अप्पांनी ओंजळभर दाणे सोलून चिपट्यापुढं धरले. त्यानं नाक लावलं आणि तोंड फिरवलं. 'तिन्नु,' अप्पा म्हणाले. तो दोन पावलं मागं सरला. कुणीतरी हसून म्हणालं, कुत्रं पुण्याचं खाऊन साहेब झालंय. अप्पांचे कान लाल झाले. त्यांनी चिपट्याची मुंडी धरली, ताकात दाणे चुरले आणि त्याच्या तोंडात घातले. त्यानं गिळलं. दुसरं काय करणार, 'साकु' म्हणेपर्यंत खायचं असं त्याला शिकवलेलं होतं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. पोतडी घरी आली आणि शेंगदाण्यांच्या डब्यात रिकामी झाली.

तीन आठवडे गेले. चिपट्यानं आधी भाकरी टाकली, मग ताक टाकलं. मग तो फळीखाली जाऊन पडला तो उठेचना. अप्पा म्हणाले थंडी बाधली. त्यांनी तिळाचं प्रमाण वाढवलं. एका सकाळी अक्कांनी मला हाक मारून त्याचे डोळे दाखवले. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. मी अप्पांना न विचारता फोन केला आणि तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. तरुण माणूस होता, गप्पा न मारणारा. काय खायला घालता, असं त्यानं विचारलं. अप्पांनी फळीवरच्या डब्यांकडं बोट करून सगळा खुराक सांगितला, त्या अवस्थेतही थोड्या अभिमानानं. डॉक्टरनं एकेक डबा उघडून वास घेतला. शेंगदाण्यांचा डबा वर्तमानपत्रावर पालथा केला आणि एक दाणा नखानं चिरून उजेडाकडं धरला. दोन पाकळ्यांच्या मधे हिरवट भुकटी होती. ही बुरशी आहे, यकृत पोखरते, असं तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, हे दाणे कुणी तपासून घेतले होते?

अक्कांनी खाली पाहिलं. मी अक्कांकडं पाहिलं.

"म्या," अप्पा म्हणाले.

ज्या आकड्याला चिपट्याचं वजन व्हायचं त्याच आकड्याला सलाईनची बाटली लटकली. जगेल की नाही हे आठ दिवसांशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. अप्पांनी सातही डबे उकिरड्यावर नेऊन ओतले. त्यातल्या सहांमध्ये काहीच खोट नव्हती. मग आयुष्यात पहिल्यांदा ते चुलीपुढं बसले आणि तांदळाची पेज करायला शिकले. पेज घेऊन ते चिपट्याजवळ जात. तो त्यांच्या हाताचा वास घेई आणि मान जमिनीला टेकवी. तीच वाटी अक्कांनी धरली की जीभ लावायचा, मी धरली तरी लावायचा. आजारी जनावराचं असं होतं, त्यात काही अर्थ काढू नये, असं डॉक्टरनं समजावलं. अप्पांनी ते ऐकून घेतलं. पण नंतर ते वाटी भरून ठेवत आणि स्वतः मागच्या दारी जाऊन उभे राहत. खाल्लं का, असं तिथूनच विचारत. मला त्या माणसाची फार दया यायची आणि मी खाल्लं म्हणून ओरडून सांगायचो, अर्धं टाकलेलं असलं तरी.

चिपट्या वाचला. हाडं वर आली, कातडी ढिली पडली, पण वाचला.

तो पुन्हा अंगणात चालायला लागला त्याच सुमारास तुरीची रास, म्हणजे मळणी, सुरू झाली आणि येळवशीचा तो दोस्त दोन शेतकऱ्यांना घेऊन ओसरीवर आला. शेंगांचं त्याला काहीच माहीत नव्हतं. रुमाल उघडून तूर त्यानं अप्पांपुढं सरकवली. अप्पांनी दाणा उचलला. अंगठ्यात आणि बोटात तो बराच वेळ फिरवला. मग त्यांनी तो परत रुमालात ठेवला, तोंडात हात घातला, वरची आणि खालची कवळी काढली आणि रिकाम्या फळीवर ठेवली. गाल आत गेले. एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले. आलेल्या माणसांना कुठं बघावं कळेना.

"चावतंय त्ये ह्ये," ते म्हणाले. दात नसल्यानं शब्द फुसफुसत होते, पण सगळं कळत होतं. "मला काय कळत न्हाई. दीड साल झालं, कळत न्हाई."

दोस्तानं हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. अप्पांनी त्याला थांबवलं. तुझ्या शेंगांना बुरशी होती, मी एक नंबर म्हणालो, कुत्रं मरता मरता राहिलं, असं सरळ सांगितलं. त्यात तक्रार नव्हती. दोस्त बिचारा काळवंडला. आडतीवर मशीन आहे, तिकडं तूर दाखवा, असं सांगून अप्पांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. ही बातमी संध्याकाळपर्यंत गंजात पोचली असणार. त्यानंतर रुमाल घेऊन कुणी आलं नाही. अप्पा सकाळी ओसरीवर येऊन बसत, रस्त्याकडं बघत, दहाच्या सुमाराला उठून आत जात.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली भालकीकडं झाली. निघायच्या दिवशी सामान रिक्षात भरून झालं. अक्कांनी वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. अप्पा ओसरीवर बसले होते, कवळी तोंडात होती, फक्त बोलण्यापुरती. मी त्यांच्या पाया पडलो आणि मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, अप्पा, येळवशीला मीही एक शेंग फोडली होती. कडू लागली. मी थुंकलो आणि गप्प बसलो.

ते चिडतील असं मला वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते रस्त्याकडंच बघत होते.

"मलाबी वास आल्ता, मास्तर," ते म्हणाले. "दात गेले तरी नाक माजंच हाय की. समदे बगायले हुते, म्हून एक नंबर म्हनलं."

त्यांनी अंगणाकडं बोट केलं.

"तिगांला कळलं हुतं," ते म्हणाले. "सांगितलं एकल्यानंच. आन् त्याचीच मुंडी धरली म्या."

चिपट्या अंगणात भिंतीच्या सावलीला पडला होता. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मला माझी लाज वाटली, अजून वाटते. अप्पांनी आपलं खोटं माणसांसमोर फळीवर काढून ठेवलं होतं आणि त्यानंतर रोज सकाळी त्याच रिकाम्या ओसरीवर येऊन बसत होते. मी माझं सांगितलं ते सामान भरून झाल्यावर, रिक्षा दारात उभी करून.